दया आणि ममता

संतांनी भूतदया सांगितली. ती आपण सर्वांनी ऐकली आहे, कीर्तनात बसून तिला मान डोलावली आहे. परंतु दया करावयाची म्हणजे हातांनी नेमके काय करावयाचे, हा प्रश्न एखादे दिवशी दारात येऊन उभा राहतो, तेव्हा माणूस गोंधळतो. माझा तसाच गोंधळ झाला होता, आणि त्या गोंधळात एका मुक्या जिवाचा प्राण गेला. ती हकीकत आधी सांगतो आणि मग विचाराकडे वळतो.

आमचे गाव सिरसाळे. परळी वैजनाथाच्या तालुक्यातले. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, ज्वारी, पाणी असेल तेथे ऊस. शिवारात काळवीट आहेत. पिकाचे नुकसान करतात म्हणून शेतकरी त्यांना शिव्याही देतो आणि कळप उड्या मारीत निघाला की काम टाकून बघतही राहतो. पुष्कळ वर्षांपूर्वी भाद्रपदात मुगाची तोडणी चालली होती. पुतण्या धावत आला. म्हणाला, "आबा, हरणीचं पाडस घावलंय. माय दिसना कुठं. एकलंच पडलंय बिचारं."

पाडस तासात दबून बसले होते. हलत नव्हते, ओरडत नव्हते. आम्ही समजलो, माय मेली असेल, नाहीतर टाकून गेली असेल. उपरण्यात गुंडाळून घरी आणले. शेळीचे दूध पाजले. दैवयोगाने ते जगले. लेकरांनी त्याचे नाव ठेवले, गळ्यात घुंगरू बांधले. मी माझ्या हातांनी त्याला तुळशीची माळ घातली आणि मनात म्हणालो, हा जीव आपल्या घरी वारकरी होऊन आला. घरचे कुत्रे आणि ते पाडस एका ओसरीवर झोपत. आलेगेले लोक बघत आणि म्हणत, "आबा, तुमच्या घरी वैर राहिलंच नाही." ऐकून मला बरे वाटे. खोटे कशाला सांगू?

पुढल्या आषाढीला मी वारीला गेलो. परत आलो तो ओसरी रिकामी. वेशीबाहेर गावकुत्र्यांनी त्याला फाडले होते. नातू रडत म्हणाला, "आबा, ते पळालंच नाही की! कुत्री आली तरी उभंच राहिलं."

कसे पळणार? कुत्र्याला भिऊ नये हे आम्हीच त्याला शिकविले होते. हरणाजवळ शिंगे थोडी, नखे नाहीत, दात नाहीत. देवाने त्याला एक भय दिले आणि त्या भयाला चार पाय दिले. ते भय आम्ही प्रेमाने काढून घेतले आणि वर त्याला माळ घातली.

मागाहून जाणत्या माणसाने सांगितले तेव्हा तर मान खालीच गेली. काळविटाची मादी व्याली म्हणजे पहिले काही दिवस पाडसाला गवतात, पिकात दडवून ठेवते आणि आपण दूर चरते. जवळ उभी राहिली तर लांडग्या-कोल्ह्याला ठिकाण कळेल, म्हणून ती दूर राहते. पाजण्यापुरती येते आणि पुन्हा दूर जाते. पाडस निपचित पडते, कारण निपचित पडणे हेच त्या वयात त्याचे रक्षण. म्हणजे ज्याला आम्ही अनाथ म्हणून उचलले त्याची आई बहुधा दोन शेतांपलीकडे उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. आम्ही अनाथाला घर दिले नाही. आई असलेल्याला अनाथ केले.

आता विचाराकडे येऊ.

हीच कथा भागवताच्या पंचम स्कंधात आहे आणि आपण सर्वांनी ती ऐकलेली आहे. राजा भरत राज्य सोडून गंडकीच्या तीरी आश्रमात राहिला. एके दिवशी गाभण हरिणी पाण्यावर आली, सिंहाची गर्जना झाली, तिने भयाने उडी घेतली, गर्भ प्रवाहात पडला आणि ती पलीकडे जाऊन मेली. भरताने वाहते पाडस उचलले, आश्रमात आणले, वाढविले. हळूहळू पूजा सुटली, नेम सुटले. पाडस दिसेनासे झाले की जीव कासावीस. अंतकाळी ध्यानात हरीच्या जागी हरिण आले आणि पुढला जन्म हरणाचा मिळाला.

या कथेचा अर्थ पुष्कळ जण असा लावतात की, परमार्थ करणाऱ्याने असल्या भानगडीत पडूच नये. पाडस वाहते तर वाहू द्यावे, ज्याचे त्याचे प्रारब्ध. मीही पाडस गेल्यावर काही दिवस असेच म्हणत होतो. आपण गेलोच कशाला, असे वाटे. परंतु कथा तेथे संपत नाही. हरणाच्या जन्मानंतर भरत पुन्हा माणूस झाला, त्यालाच जडभरत म्हणतात. राजा रहूगणाच्या माणसांनी त्याला धरून पालखीला लावले. पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून तो पुढे बघत बघत पाऊल टाकी. इतर भोयांशी पाऊल जुळेना, पालखी हिंदकळू लागली आणि राजाचे बोलणे खावे लागले. पालखीबरोबर चालणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग नीट मनात धरावा. दयेनेच भरताचा घात केला असता, तर शहाणा झाल्यावर त्याने दया आधी सोडली असती. त्याने ती सोडली नाही. उलट एका पाडसापुरती होती ती मुंगीपर्यंत पसरली. सुटली ती ममता.

तेव्हा पाडस उचलले ही भरताची चूक नव्हती. त्याची माय खरोखरच मेली होती आणि ते खरोखरच वाहत चालले होते. त्याला उचलणे हा धर्मच होता. ते चरू लागले, पळू लागले, तेव्हा त्याला रानाच्या हवाली करावयाचे होते. ते झाले नाही, येथे चुकले. दया विचारते, याला काय हवे? ममता विचारते, मला हे हवे ना? पहिल्या दिवशी दोघींचा चेहरा एकच असतो. दोघीही दूध पाजतात, दोघीही रात्री जागतात. फरक कळतो तो सोडावयाच्या दिवशी.

ज्ञानोबा माउलींनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन केले आहे. अहिंसक पुरुष भूमीवर पाऊल कसे ठेवतो हे सांगताना, पिलाला तोंडात धरून नेणाऱ्या आईचा दृष्टांत त्यांनी दिला आहे. तिच्या दातांची टोके पिलाला लागतात, पण रुतत नाहीत. ज्या दातांनी ती शिकार फोडते त्याच दातांनी लेकरू नेते. आणि मला वाटते, त्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ती त्याला तोंडात धरून कायम फिरत नाही. सुरक्षित जागी नेते आणि खाली ठेवते. धरणे जितके हलके तितकेच ठेवणेही वेळेवर. दोन्ही मिळून आईपण होते.

नाथांची गोष्ट घ्या. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला न्यावयाची, आणि वाटेत वाळवंटात गाढव तडफडताना दिसले. नाथांनी ते पाणी त्याच्या मुखात घातले. गाढव उठले. पुढे काय? नाथांनी ते गाढव पैठणला आणून बांधले, असे कोणी कीर्तनकार सांगत नाही. पाणी पाजले, ते उठले, गोष्ट पुरी झाली. गाढव नाथांचे झाले नाही आणि म्हणूनच ते रामेश्वराला पोचले.

कोणी म्हणेल, नामदेवरायांनी तर कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, मग आम्ही रानातल्या जनावराला खाऊ घातले तर काय वावगे? कुत्रे हे गावचे आहे. हजारो वर्षे माणसाच्या भाकरीवर जगले आहे. हरीण, कोल्हा, मोर, वानर यांची भाकरी रानात आहे. विठ्ठल दोन्हींत आहे, पण दोन्हींचा नैवेद्य एक नाही.

आपल्याच जिल्ह्यात डिसेंबर 2021 मध्ये घडलेली गोष्ट आठवा. माजलगाव तालुक्यातील लवूळ गावी वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर, घरांच्या माळवदांवर नेत होती. पिले वरून पडून मेली, भुकेने मेली. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला वानरांचा सूड म्हटले. शेवटी वनखात्याने दोन वानरे पकडून नेली. प्राण्यांच्या जाणकारांना ही सुडाची कल्पना पटली नाही. वानराच्या मनात काय होते हे वानर जाणे. मला मात्र ती बातमी वाचताना आमची ओसरी दिसली. पिलू उराशी धरले म्हणून ते जगत नाही. त्याला त्याचे दूध, त्याची जागा आणि त्याची माय लागते. वानराला ते कळले नाही म्हणून आपण हसावे, असे माझ्याजवळ तरी काही उरलेले नव्हते.

मग खरी सेवा कशी असते? तीही आपल्याच जिल्ह्यात आहे. पार पश्चिमेला शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे सिद्धार्थ सोनवणे आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य 'सर्पराज्ञी' नावाचे वन्यजीव केंद्र चालवते. विहिरीत पडलेली, गाडीखाली सापडलेली, तारेत अडकलेली, माय मेलेली जनावरे आणि पाखरे तेथे येतात. उपचार होतात आणि बरी झाली की निसर्गात सोडली जातात. दुष्काळी मुलखात, जेथे माणसाच्याच पाण्याची ओढाताण, तेथे कोल्ह्या-घुबडाची शुश्रूषा करणे सोपे नव्हे. पण मला त्याहून अवघड वाटते ते शेवटचे काम. महिना महिना ज्याला जगविले त्याच्या पिंजऱ्याचे दार उघडावयाचे, आणि त्याने मागे वळून पाहू नये अशीच इच्छा करावयाची. अशा कामात लळा लागू न देणे हा नेमच असतो. विनाकारण हात लावू नये, बोलू नये, माणसाची सवय होऊ देऊ नये. ज्याला माणसाची सवय झाली ते रानात टिकत नाही. आपण ज्याला अनासक्ती म्हणून ग्रंथात वाचतो ती तेथे रोजची कामाची रीत आहे.

पण सोडणे म्हणजे कोठेही सोडणे नव्हे, हेही शिकावे लागले. जुन्नर भागात 2001 पासूनच्या काही वर्षांत उसातले बिबटे पकडून दूरच्या रानात सोडण्यात आले. हेतू चांगला, माणूसही वाचावा आणि बिबट्याही. परिणाम उलटा झाला. माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून तो 2011 मध्ये प्रसिद्ध केला. जनावराला आपले घर माहीत असते, आणि परक्या मुलखात नेऊन टाकलेले जनावर बिथरते. हेतू शुद्ध असला की कृती आपोआप शुद्ध होते, असे नाही. दयेला ज्ञानाचा हात धरावा लागतो.

त्याच जुन्नर-नाशिकच्या उसात आता निराळी रीत पडली आहे. ऊसतोडणीत बिबट्याची पिले सापडतात. वनखात्याची आणि प्राणिसेवकांची माणसे येतात, पिलांची तपासणी करतात आणि संध्याकाळी त्याच जागी पेटीत वा पाटीत ठेवून दूर होतात. अंधार पडला की आई येते, एकेकाला तोंडात धरते आणि घेऊन जाते. दूर लावलेल्या कॅमेऱ्यात हे दिसते. माउलींचा दृष्टांत तेथे उसाच्या फडात डोळ्यांनी पाहावा.

आणि बीडकरांनो, ते फड तोडणारे हात कोणाचे? दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाचटात हललेले पिलू पहिल्याने दिसते ते त्यांना. स्वतःचे लेकरू बांधावर झोळीत ठेवून ऊस तोडणारी बाई जेव्हा फडात पिले दिसताच कोयता खाली ठेवते आणि "थांबा, माय असंल जवळ" म्हणते, तेव्हा तिची ती दया कोणत्या पारायणापेक्षा कमी म्हणावी? तिच्या मजुरीचा दिवस बुडतो. आपला काय बुडतो?

एक आक्षेप राहिला. लांडग्याने हरणाला धरले तर सोडवावे काय? शिबी राजाने कबुतराला वाचविले तेव्हा ससाण्याची भूकही त्याने मान्य केली आणि आपल्या अंगाचे मांस दिले. लांडगाही पांडुरंगाचेच लेकरू आहे, त्याच्या घरीही पिले आहेत. रानाच्या न्यायात आपण हात घालू नये. पण कठडा नसलेली विहीर रानाने खोदली नाही. संक्रांतीचा नायलॉनचा मांजा रानाने आणला नाही. कुंपणात वीज रानाने सोडली नाही, आणि रस्त्यावर धावणारी मोटारही रानाची नव्हे. जेथे घाव माणसाच्या हातचा आहे तेथे सेवा करणे म्हणजे उपकार नव्हेत. ते देणे आहे, ते फेडावयाचे. 'त्याचे प्रारब्ध' हा शब्द तेथे उच्चारू नये, कारण त्याच्या प्रारब्धात आपली विहीर मध्ये आलेली आहे. आणि म्हणूनच विहिरीला कठडा बांधणे, जुने जाळे आणि तार गोळा करून टाकणे, ही सुद्धा भूतदयाच आहे. तिला प्रेक्षक मिळत नाहीत, एवढेच.

काही जीव मात्र पुन्हा रानात जाऊच शकत नाहीत. कोणाचा पंख गेला, कोणाचे डोळे गेले. गडचिरोली जिल्ह्यात हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांना शिकारीहून परतणारे माडिया बांधव भेटले. मेलेल्या माकडिणीला तिचे पिलू बिलगलेले होते. त्यांनी ते मागून घेतले. पुढे लोक अशी पोरकी पिले आणून देऊ लागले आणि तेथे प्राण्यांचे अनाथालयच उभे राहिले. जुन्नर तालुक्यात माणिकडोहलाही जे बिबटे सोडता येत नाहीत ते जन्मभर सांभाळले जातात. अशा जिवांना आयुष्यभर जपणे ममता नव्हे काय, असे कोणी विचारील. कसोटी तीच. त्याला जाता येत नाही म्हणून मी ठेवले, की मला सोडवत नाही म्हणून? उत्तर ज्याचे त्याने स्वतःच्या मनाला द्यावे, आणि फसवू नये.

घरी ठेवण्याचा मोह झाला तर कायदाही ठाऊक असावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातला प्राणी घरी पाळता येत नाही. हाती आला तर 48 तासांच्या आत कळवावे लागते. आमच्या ओसरीवरचे पाडस म्हणजे कायद्याने गुन्हाच होता, आणि आम्ही त्याला पुण्य समजत होतो. वनखात्याचा 1926 हा दूरध्वनी क्रमांक आहे. पाडस वा पिलू दिसले तर प्रथम हात न लावता दूर उभे राहून बघावे. रक्त वाहत असेल, माय मेलेली दिसत असेल, तरच उचलावे. हवेची भोके असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे. तोंडात बळेच दूध-पाणी ओतू नये, ते छातीत जाते आणि वाचावयाचा जीव त्याने मरतो. घरट्यातून पडलेले पाखराचे पिलू पुन्हा घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पाखरू पिलाला टाकते, ही समजूत खरी नाही.

दोन वर्षांमागे पुन्हा तसेच झाले. त्याच शिवारात नातवाला पाडस सापडले आणि तो ते उराशी धरून घेऊन आला. म्हणाला, "आबा, याचं नाव काय ठिवू?" मी म्हणालो, "नाव नको ठिवूस बाबा. जिथनं आणलंस तिथं चल." तासाभराच्या आत त्याच तासात ते नेऊन ठेवले आणि आम्ही दोघे पार बांधाच्या पलीकडे लिंबाखाली बसलो. उन्हे कलली. मी हरिपाठ म्हणत होतो, पण खरे सांगतो, लक्ष हरिपाठात नव्हते. दिवस मावळता मावळता एक हरणी आली. थांबली. मान वर करून चहूकडे बघितले. मग पिकात शिरली. थोड्या वेळाने ती बाहेर पडली तो तिच्या मागे लहानसे काही हलत होते. नातू म्हणाला, "आबा, आपल्याकडं बघितलं सुद्धा नाही त्यानं." त्याच्या आवाजात थोडे वाईट वाटणे होते.

माझ्याही मनात ते होते. परंतु पहिल्या पाडसाच्या गळ्यातली माळ मी अजून देव्हाऱ्यात ठेवली आहे. घरी येऊन तिच्यापुढे दिवा लावला आणि त्या दिवशी प्रथमच तिच्याकडे नीट पाहता आले.

रामकृष्ण हरि.